मधलं माप

मेकॅनिकने सीटखालच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेना. त्याने दोन थेंब तेल सोडलं आणि मान वर केली.

"ताई, ही सीट कधी खाली-वर केलीच नाही का?"

"नाही." दुकानाच्या खांबाला टेकून तिने अंगाचा भार डाव्या पायावर घेतला.

शेजारी तिचा नवरा उभा होता. गोदामावरच्या पहाऱ्याचा गणवेश अजून अंगावरच, डोळे तारवटलेले. दोघांत मिळून सायकल एकच. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, कुणाकडून तरी जुनी घेतलेली. सकाळी तो ती घेऊन दारात यायचा आणि आत जाऊन आडवा व्हायचा. ती तीच सायकल घेऊन रुग्णालयाच्या धुलाईघरात जायची. संध्याकाळी ती परतली की तो निघायचा. आठ वर्षं हा नेम चालला होता.

आता तिचा गुडघा ऐकत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, सायकल सोडा. सायकल सोडायची म्हणजे कामही सोडायचं. तिकडे जाणारी बसच नव्हती. कुणीतरी सुचवलं, आधी एकदा सायकल दाखवून तर बघा.

"बसा बघू. टाच पेडलवर टेकवा."

टाच पोचली नाही.

"गुडघा मागच्या बाजूने दुखतो ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सीट उंच पडतेय. पाय ताणून ताणून चालवताय. हँडलवर वाकून हाताच्या बोटांना मुंग्याही येत असतील." मेकॅनिक तिच्या नवऱ्याकडे वळला. "दादा, आता तुम्ही बसा."

तो बसला. त्याचा गुडघा थेट हँडलला लागायला आला.

"तुमचा पुढून दुखतो."

"असतं थोडंफार," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"कमाल आहे! ही सीट तुमच्या मापाची नाही, ताईंच्याही नाही. दोघं मिळून तिसऱ्याच कुणाची तरी सायकल चालवताय."

"मला वाटायचं, यांच्या मापाने लावलीय," ती हळूच म्हणाली.

"आणि मला वाटायचं, हिच्या."

"अहो, मग बोलायचं नाही का?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"तुम्ही दमून आलेले असायचात."



बोल्ट कुरकुरत सुटला. मेकॅनिकने सीट चार बोटं खाली घेतली, हँडल थोडं वर उचललं. मग सीटच्या दांड्यावर रंगाच्या दोन रेघा ओढल्या. "लाल ताईंची, पांढरी दादांची. पाना घरी ठेवा. मिनिटभराचं काम आहे."

ती पुन्हा बसली. टाच टेकली. तिने पेडल उलटं फिरवून पाहिलं, एकदा, दोनदा. मग कानापर्यंत चढलेले तिचे खांदे खाली आले.

"निघते. हजेरी लागायची आहे."

समोर चढ होता. ती बसल्या बसल्याच चढू लागली, सावकाश, न थांबता.

नवरा दुकानाच्या पायरीवर बसला.

"दादा, घरी जाऊन झोपा. डोळे मिटतायत तुमचे."

"जातो. वळणापर्यंत पोचू दे तिला." त्याने तळहातांनी डोळे चोळले आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं. "हिला सायकल चालवताना मी कधी पाहिलंच नाही."