लोण्यासारखा चाप

ओहायोच्या डेल्बर्टकडे चेक सैन्याने विकायला काढलेलं एक जुनं पिस्तूल होतं. नेम चुकला की तो म्हणायचा, "चापच इतका जड आहे, ओढताना हात हलणारच." नेमबाजीच्या क्लबात हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

शेवटी त्याने नव्या स्प्रिंगा मागवल्या आणि त्यातल्या सगळ्यांत हलक्या निवडून त्या बसवत तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुपारभर खपला. एक स्प्रिंग उडून राजम्याच्या पातेल्यात पडली, ती त्याच्या बायकोने, नॉर्माने, डावाने शोधून दिली. चाप मात्र लोण्यासारखा झाला.

शनिवारी क्लबात सगळे बघायला जमले. डेल्बर्टने नेम धरून चाप ओढला. नुसतं 'टिक' झालं. पुन्हा ओढला, पुन्हा 'टिक'. चारदा असं झाल्यावर त्याचा मित्र रस्टी म्हणाला, "अरे, गोळीवर आपटणाऱ्या हातोडीचीही स्प्रिंग हलकी घातलीस तू. ती आता ठोका देत नाही, टिचकी मारते."

डेल्बर्टने पिस्तूल रिकामं करून खाली ठेवलं. त्याचा चेहरा पडला होता. नॉर्मा जवळ आली.

"वाईट वाटून घेऊ नकोस," ती म्हणाली. "आज पहिल्यांदाच तुझा एकही नेम चुकला नाही."