मागच्या रांगेतला हात

लातुरात टँकरपुढं रांगा लागल्या त्या उन्हाळ्यात शहरातल्या आर्किटेक्टांनी मिळून शपथ घेतली, की यापुढं कुणाच्याही बंगल्याला पोहण्याचा हौद काढून द्यायचा नाही. शपथ वाचली संघमित्रानं, म्हणून पेपरात फोटोही तिचाच आला. तिच्याच वर्गात शिकलेल्या गुरुलिंगचा मागच्या रांगेत वर केलेला हात तेवढा दिसत होता.

"घड्याळावरून वळखलं मी तुम्हाला," बायको कौतुकानं म्हणाली, तसा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठी कामं तिला, मान तिला, आता दुष्काळसुद्धा तिचाच!

महिन्याभरानं उदगीरचे काशिनाथशेठ त्याच्या ऑफिसात आले. शेठची आजवरची सगळी कामं संघमित्राकडं असायची. गुरुलिंगनं स्वतः उठून पंखा त्यांच्याकडं वळवला.

"बंगला बांधायचाय," शेठ चाचरत म्हणाले. "पण लेक पोहायचा हौद पायजेच म्हणून राहिली."

"काढू की! नकाशावर पावसाच्या पाण्याची टाकी लिहू, कोण बघतंय?" गुरुलिंग हसून म्हणाला. हे काम आपल्याकडं आल्याचं कळल्यावर संघमित्रा कशी जळेल, या विचारानंच त्याला गार वाटलं.

शेठचा जीव भांड्यात पडला.



"मॅडम बोलल्या तसंच झालं बघा! म्हणल्या, 'मी शपथ मोडणार न्हाई. गुरुलिंगकडं जावा, त्यो मोडंल.'"