खैरूबाईचा ओटा

सोपानरावांनी तिसऱ्यांदा टेप लावली, तरी खैरुन्निसाची झोपडी रेषेच्या आतच निघाली.

"बाई, तुमचं काहीच अतिक्रमण नाही," ते म्हणाले.

"नीट मोजा ना साहेब," खैरुन्निसा काकुळतीला आली. "निघंल की कुठंतरी बोटभर."

सोपानराव नगरपालिकेचे इन्स्पेक्टर. रस्ता मोकळा राहावा, वस्ती नीटनेटकी दिसावी, म्हणून जो पुढे सरकेल त्याला नोटीस द्यायची, हे त्यांचं काम. त्यांना पाहिलं की लोक दारं लावून घेत. नोटीस मागणारी बाई त्यांना उभ्या नोकरीत पहिल्यांदाच भेटली होती.

तिचंही खरंच होतं. नवरा शौकत पिंपरीच्या एका कंपनीत लागून चार वर्षं झाली, पण रेशनकार्ड काही मिळेना. कारकून म्हणे, नाव-पत्ता असलेला सरकारी कागद आणा. तो आणायचा कुठून? शेजारच्या छबूबाईने भररस्त्यात ओटा बांधला, त्याची नोटीस आली, ती कारकुनापुढे ठेवली आणि कार्ड घेऊन आली. आता ती त्याच ओट्यावर बसून रेशनच्या साखरेचा चहा पीत असे. आणि जिने दाराबाहेर कधी झाडूसुद्धा ठेवला नाही ती खैरुन्निसा काळ्या बाजारातल्या रॉकेलवर स्टोव्ह पेटवत असे. याचा तिला मनापासून संताप येई.

"मग ही बाई नियमात राहते, असा कागद द्या."

"तसा फॉर्म छापलेला नाही," सोपानराव म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं. माणूस काही दुष्ट नव्हता.

खैरुन्निसाने धुण्याचा दगड ओढत रस्त्यात आणला. "आता?"

"हलतं ते चालत नाही. पक्कं बांधकाम लागतं." मग इकडेतिकडे बघून त्यांनी बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढली. "निदान दोन फूट तरी पुढे या. बुधवारी परत येतो."

पहिली शिफ्ट करून आल्यावर शौकतने दोन दिवसांत ओटा उभा केला. बुधवारी सोपानराव आले तेव्हा खैरुन्निसा नळावर गेली होती. त्यांनी ओटा मोजला आणि छबूबाईला नाव विचारलं.

"तिचं व्हय? खैरूबाई की. आमी तर तसंच म्हंतो."

दाराला चिकटवलेली नोटीस खैरुन्निसाने हलक्या हाताने सोडवली. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. दुसऱ्या दिवशी ईदची साडी नेसून ती रेशन ऑफिसात गेली. कारकुनाने अर्ज आणि नोटीस शेजारी शेजारी धरली.

"अर्जात खैरुन्निसा. मग ही खैरूबाई कोण?"

ती रडकुंडीला येऊन तशीच नगरपालिकेत गेली. नाव दुरुस्त करून द्या म्हणाली. सोपानरावांनी खरंच कपाळाला हात लावला.

"नोटिशीत खाडाखोड चालत नाही, बाई. आणि नवी देता येत नाही. एका अतिक्रमणाला एकच नोटीस."

खैरुन्निसाने पदराने डोळे पुसले.

"मग आता रस्त्यात मोरी बांधते," ती म्हणाली. "या खेपेला नाव तेवढं मला विचारा, साहेब."