गाळलेला टॅग

"लेकीचे दिवस भरत आलेत मालक, आता तरी सोडा," भालचंद्र काकुळतीला आला.

"शब्दकोशाची निम्मी पानं लावायची राहिलीत. तुमचे टॅग तुमच्याशिवाय कुणाला कळतात?" मालकांनी विचारलं.

खरंच होतं ते. कुठला शब्द ठळक, कुठला तिरपा, हे संगणकाला सांगणारे टॅग त्यानेच अठरा वर्षांपूर्वी मुद्दाम किचकट रचले होते. आपल्यावाचून प्रेसचं पानही हलू नये म्हणून. आता त्याचाच पाय त्यात अडकला होता.

शेवटी त्याने एकेक टॅग अर्थासकट वहीत उतरवला आणि ती वही नवी ऑपरेटर शबाना हिच्या हाती दिली. मालकांनी हसत रजा दिली.

रत्नागिरीची एसटी सुटणार, तोच फोन वाजला. "काका, 'झ९' वहीत नाही हो! त्याच्यापुढची सगळी पानं विस्कटलीत. काय आहे तो?"

तो एक टॅग त्याने जाणूनबुजून गाळला होता. उत्तर चार शब्दांचं होतं. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता.

"फोनवर नाही जमायचं, पोरी. थांब, मी आलोच," म्हणत तो डबा उचलून खाली उतरला.