नवरदेवाचे बूट

"हीच ती खिडकी!" म्हणत डीलियाने रूबेनला बाहीला धरून ओढतच तिथे नेलं. "इथे उभे होते दोघं. बाहेर बर्फ पडत होता. आणि बाबांचे बूट असे करकर वाजत होते की जज्जसाहेबांना हसू आवरेना."

रूबेनने ही हकीकत शंभरदा ऐकली होती. जॉर्जियापासून मोन्टानापर्यंत गाडी चालवताना पुन्हा ऐकली होती. तरी त्याने मान डोलावली. डीलिया जन्मायच्या आधीच तिचे वडील इराकच्या लढाईत मारले गेले. आई दोन वर्षांपूर्वी वारली. आईबाप एकत्र असलेला एवढा एकच दिवस तिच्यापाशी होता, आणि आपलंही लग्न त्याच खिडकीपाशी लागावं म्हणून ती इतक्या लांब आली होती.

कोर्टाच्या त्या कचेरीत विवाह नोंदणीच्या काउंटरमागे लुएला बसली होती. जिल्ह्यातली सगळी लग्नं तिच्या हाताखालून जायची. तिने दोघांची ओळखपत्रं पाहिली, परवान्याच्या अर्जावर सह्या घेतल्या.

"मॅडम, आणखी एक," डीलिया म्हणाली. "माझ्या आईबाबांच्या लग्नाची नोंद बघायला मिळेल? मार्च दोन हजार पाच. लायल बीसन आणि रोझेटा पिंकनी."

लुएला आत जाऊन जाडजूड रजिस्टर घेऊन आली. पानं उलटता उलटता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पोरी, हे लग्न मुखत्यारांमार्फत लागलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे नवरा इथे नव्हता. नवरीही नव्हती. तो तिकडे पलटणीत, ती आपल्या गावी. त्यांच्या वतीने दुसरेच दोघं इथे उभे राहिले. आमच्याकडे चालतं तसं, फौजेतल्या पोरांसाठी."

"काहीतरीच काय! माझ्या आईला बर्फ आठवत होता. बुटांचा आवाजसुद्धा काढून दाखवायची ती. उगाच खोटं कशाला सांगेल?"

डीलियाने खिडकीकडे पाहिलं. साधी लाकडी खिडकी होती, चौकटीचा रंग उडालेली. तिला एकदम पोरकं वाटलं. एकच दिवस होता, तोही हातचा गेला.

"चल," रूबेन हळूच म्हणाला. "बाहेर बसू जरा."

"थांबा," लुएला म्हणाली आणि तिने रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. "वधूतर्फे ही सही आहे ना? ती माझी. तेव्हा मी समोरच्या वकिलाकडे कामाला होते. कितीतरी पोरींच्या वतीने उभी राहिले, 'हो' म्हणाले, आणि जाऊन टाइप करत बसले. पण लग्न कसं झालं हे विचारायला फोन आला तो एकीचाच. तुझ्या आईचा."

डीलिया काउंटरला धरून उभी राहिली.

"म्हणाली, माझं लग्न कसं झालं ते सांगा. मी काय सांगणार, कपाळ? चार शब्दांचं काम ते. मग जे दिसलं होतं ते सांगितलं. बर्फ सांगितला, बूट सांगितले. ती म्हणाली, परत सांगा. परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागले, तर मधेच मला अडवून म्हणते, 'असं नाही, बूट आधी वाजले, जज्ज मग हसले.'"

लुएलाने हाताची बाही वर सारली. "हे बघ, आजही काटा येतो. तिचंच बरोबर होतं. मी इथे उभी होते, आणि ती मला सांगत होती."

मग डीलियाने विचारलं, "आणि बूट? ते कोणाचे?"

लुएला जिन्यापाशी गेली आणि कठड्यावरून वाकून ओरडली, "ऑर्व्हिल! वर ये!"

"बॉयलर चालू आहे की!" खालून आवाज आला.

"बॉयलरला कोण विचारतंय? तूच हवा आहेस!" ती वळून म्हणाली, "आमच्या इमारतीची देखभाल करतो. इतक्यांदा लग्न लागलं माझं याच्याशी, एकदा कॉफी पाजली नाही मेल्याने."

आधी आवाजच आला. कर्र, कर्र, एकेक पायरी चढत. डीलियाने रूबेनचा हात घट्ट धरला. मग टोपी दिसली, पांढऱ्या मिशा दिसल्या, हातातला पाना दिसला.

"काय बिघडलं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काही नाही. लायल बीसनची मुलगी आहे ही. तू त्याच्या वतीने उभा होतास."

ऑर्व्हिलने टोपी काढली. पाना कुठे ठेवावा हे त्याला सुचेना, शेवटी त्याने तो खिशात कोंबला. "नावं राहत नाहीत गं लक्षात माझ्या," तो म्हणाला. "पण 'हो' मात्र प्रत्येकासाठी मोठ्याने म्हणायचो. पोरगं इतकं लांब असायचं. त्याला ऐकू जायला नको?"

डीलियाने डोळे पुसले.

"काका, त्या खिडकीपर्यंत जरा चालता का?"

त्याने लुएलाकडे पाहिलं. तिने मान डोलावली. रूबेन त्याच्या वाटेतून बाजूला झाला. म्हाताऱ्याने कोटाची बटणं लावली, पाठ ताठ केली आणि निघाला. डीलियाने डोळे मिटले.

बूट आधी वाजले. ती मग हसली.