उंबऱ्याचा दगड

सकाळी सव्वासातला दवभरल्या नेब्रास्काच्या माळावर सईने थर्मासमधला चहा संपवला, उत्खननाची खुरपी पुसली आणि लिंडक्विस्ट घराण्याच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या घराचा दगडी उंबरा पाय न लावता ओलांडला. “भिंती नाहीत, छप्पर नाही, तरी ओलांडतेस?” खोदकामातला तिचा जोडीदार अवधूत हसला. “उंबऱ्यावर पाय दिला तर आई साताऱ्याहून ओरडेल!” आज तोच दगड उचलायचा होता, तिच्या प्रबंधाची मदार त्याखालच्या मातीवर होती. खुर्चीत बसलेली घराण्याची नव्वदीतली वारस मार्गारेट ताठ झाली. “पोरी, तुला कुणी सांगितलं? आमची आजीही त्यावर कुणाला पाय ठेवू देत नसे. कारण विचारलं की म्हणायची, ‘झोपलीय.’” सईला घरातले जन्ममृत्यू लिहून ठेवलेल्या घराण्याच्या बायबलातली नोंद आठवली: क्लारा, त्या आजीची लेक, जन्म १८८१, मृत्यूची तारीख नाही, कबर नाही. अवधूतने पहार उचलली. सईने दगडाभोवती ठोकलेल्या खोदाईच्या खुंट्या उपटल्या आणि चार हात पलीकडे ठोकल्या.