दिसू दे व्रण

"हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. फुटायच्या आत ऑपरेशन करून घ्या," एकोचा पडदा दाखवत डॉक्टर वैजयंताला म्हणाले.

बाहेर येताच आई कुजबुजली, "दुखत तर काही नाही. आधी लग्न उरकू. छातीवर व्रण दिसला तर सोयरीक मोडेल."

"आणि मांडवातच फुटला तर?" वैजयंताने तिथूनच होणाऱ्या नवऱ्याला फोन लावून सगळं सांगितलं. "थांबायचं तर थांबा, मोडायचं तर मोडा. मी आधी ऑपरेशन करणार."

त्यांनी सोयरीक मोडली. ऑपरेशन नीट पार पडलं.

पुढे मामेबहिणीच्या हळदीत वैजयंता बिनधास्त नाचली. मामी पुटपुटली, "अगं, पदर तरी घे. व्रण दिसतोय."

वैजयंताच्या आधी आईच उसळली, "दिसू दे, वहिनी! त्याच्यामुळेच माझी लेक नाचतेय."